निळूचा तीळ

नीलकंठचा चेहरा मी जितका बारकाईनं पाहिला आहे, तितका त्याच्या बायकोनंही पाहिला नसेल. प्रेमानं नाही हं. जळून.

साठी उलटल्यावर खोटं कशाला बोलायचं? तो माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा. आमची घरं रामघाटाच्या एकाच गल्लीत समोरासमोर आहेत. मधे जागा एवढीच, की गाय आली तर माणसानं पायरीवर चढून तिला वाट द्यावी. आजोबा एक, पाठशाळा एक, काम एक. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंचे संकल्प सांगायचे, श्राद्धं-पूजा करायच्या, त्यांना गंगेत नीट बुडी मारायला शिकवायची. वेद त्याच्यापेक्षा मला जास्त येतो. हे मी म्हणत नाही, आमचे गुरुजी म्हणायचे. पण यजमान वेद ऐकून ठरवत नाहीत, तोंड बघून ठरवतात. आणि तोंड देवानं निळूला दिलं.

गोरापान, उंच, घारे डोळे. लहानपणी आमची आत्या दोघांना शेजारी बसवून म्हणायची, "निळू म्हणजे केतकी आणि सुमंत म्हणजे बुक्का." आत्या गेली, पण बुक्का राहिला. पाठशाळेतली पोरं मला बुक्क्याच म्हणत.

वाटणीत दशाश्वमेध घाटावरची आजोबांची छतरी माझ्याकडे आली. बांबूच्या कामट्यांची मोठी गोल छतरी आणि खाली लाकडी चौकी. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट त्याच्याआधी आपल्याला मिळाली. तर हा हसला. म्हणाला, "तूच बस सावलीत. सूर्यनारायणाची पूजा सांगायची आणि त्यालाच पाठ दाखवायची, हे मला जमणार नाही." दुसऱ्या दिवसापासून तो अगदी खालच्या पायरीवर, पाण्यालगत, उघड्या डोक्यानं आणि उघड्या अंगानं उभा राहायला लागला. उगवतीपासून पार दुपारपर्यंत. खालून पाण्याची तिरीप, पायाखाली तापलेला दगड, वर भर वैशाखातलं काशीचं ऊन. चाळीस वर्षं!

यात्रेकरूंना तेवढंच पुरे होतं. नावेतून उतरता उतरता बायाबापड्या म्हणायच्या, "काय तेज आहे हो गुरुजींच्या तोंडावर!" छतरीत बसून मी ते रोज ऐकत होतो. तेज कसलं डोंबलाचं? कातडी भाजून लाल झाली होती. पण हे म्हणावं तर लोक म्हणणार, सुमंतशास्त्री जळतात. जळत होतोच.

पाच वर्षांपूर्वी त्याला तीळ आला.

उजव्या बाजूला, नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या कोपऱ्याला लागून. तिळाएवढाच, काळा. मला तो पहिल्याच आठवड्यात दिसला, कारण मी बघतोच. त्याच सुमाराला साताऱ्याकडचे एक म्हातारे यजमान आले होते, त्यांना सामुद्रिक कळायचं म्हणे. त्यांनी निळूची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला आणि जाहीर केलं, "गुरुजी, हा भाग्यतीळ आहे. हा जसा वाढेल तसं तुमचं नाव वाढेल."

झालं! त्या वर्षी योगायोगानं दोन मोठ्या यात्रा कंपन्यांनी आपली माणसं त्याच्याकडे धाडायला सुरुवात केली. तीळ वाढला, यजमान वाढले. तिसऱ्या वर्षी तिळाचा उडीद झाला. निळूनं पाडव्याला आपल्या यजमानांसाठी भिंतीवरची दिनदर्शिका छापायची प्रथा पाडली होती. वर त्याचा अर्घ्य देतानाचा फोटो, खाली सूर्याचा श्लोक, मग तारखा. फोटोवाल्याला त्याची सक्त ताकीद असे, की बाकी काय ते गुळगुळीत कर, तिळाला हात लावायचा नाही. एका वर्षी तर त्यानं फक्त चेहऱ्याचा फोटो घ्यायला लावला. तीळ पोस्टाच्या शिक्क्यासारखा उठून दिसत होता.

प्रत्येक दिनदर्शिकेची एक प्रत मला घरपोच यायची. बायको म्हणायची, "रद्दीत टाका." मी टाकली नाही. लाल पेन्सिल घेऊन तिच्यातल्या श्लोकाच्या चुका काढायचो. पहिल्या वर्षी "सूर्याय"तला सू ऱ्हस्व! दुसऱ्या वर्षी विसर्ग गायब! चुकांवर गोल करून पाचही वर्षांच्या दिनदर्शिका मी ट्रंकेत गुंडाळून ठेवल्या होत्या. कधीतरी चारचौघांत काढू म्हणून.

यंदा चैत्रात मला दिसलं, की तिळाच्या कडेला मेणासारखी चकाकी आली आहे आणि मधोमध खपली आहे. वैशाख आला तरी खपली तिथंच. पडायची, तिथून रक्ताचा थेंब यायचा, निळू पंच्यानं टिपायचा, वर चंदन लावायचा, परत खपली धरायची. आनंदीवहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची त्याचा पोथीचा चष्मा तिथं घासतो. यजमान म्हणायचे तपाचं लक्षण आहे.

आमच्या वरच्या खोलीत हिमानी नावाची मुलगी वर्षभर भाड्यानं राहते. पुण्याची आहे, इथल्या एका इस्पितळात कातडीची डॉक्टर आहे. एका संध्याकाळी ती खाली चहाला आली तेव्हा मी विषय काढला. कशासाठी काढला तेही सांगतो. तीळबीळ काही शुभ नसतो, असं एखाद्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून मला ऐकायचं होतं, म्हणजे मला ते घाटावर सांगता आलं असतं.

"काय गं, तीळ वाढतो का? आमचा निळू चाळीस वर्षं सकाळपासून दुपारपर्यंत नुसता धूप खातो, त्यानं तीळ वाढत असेल का?"

"धूप? उदबत्तीचा?" ती दचकली. "मग काका, त्यांची छातीच तपासायला हवी आधी."

आम्ही काशीची माणसं घरात मराठी बोलतो, पण उन्हाला धूप म्हणतो, हे पुण्याच्या पोरीला कसं कळावं? मी म्हटलं, "अगं, धूप म्हणजे ऊन. नाकाजवळ त्याला तीळ आहे, त्याचं विचारतोय."

ऊन म्हटल्यावर तिनं कप खाली ठेवला. "किती वर्षांत वाढला? रंग सगळीकडे सारखा आहे का? रक्त येतं? खपली धरते, पडते, परत धरते, असं होतं?"

मी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, महिन्यासकट. ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, तुम्हाला हे इतकं तपशिलात कसं काय माहीत?"

"मी बघतो," मी म्हटलं आणि ट्रंकेतून दिनदर्शिका आणल्या. तिनं त्या जमिनीवर ओळीनं मांडल्या, फोन काढून उजेड पाडला, वाकून बघितलं.

"ही लाल खूण कसली?"

"अशुद्धलेखन."

ती हसली नाही. म्हणाली, "फोटोवरून पक्कं सांगता येत नाही. तुकडा काढून तपासायला लागेल. पण मला हा तीळ वाटत नाही, काका. हा कातडीचा कॅन्सर असू शकतो. उन्हानं होतो, वर्षानुवर्षं साचलेल्या उन्हानं. गोऱ्या माणसांत जास्त. आपल्याकडे कमी होतो आणि बऱ्याचदा काळा दिसतो, म्हणून सगळे तीळच समजतात. हा सहसा शरीरात लांब पसरत नाही. जागच्या जागी खात जातो. पण यांची जागा वाईट आहे, डोळ्याला लागून आहे. लवकर काढला तर माणूस ठणठणीत होतो, उशीर झाला तर डोळ्यावर येतं. त्यांना या आठवड्यात घेऊन या."

माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? की म्हणजे तो भाग्यतीळ नव्हताच! मला आनंद झाला. निळूच्या डोळ्याची गोष्ट त्यानंतर मनात आली. हा क्रम मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेलो. निळूच्या घरी जाऊन सांगता आलं असतं. घर समोरच होतं. पण मी घाट निवडला आणि त्याच्याभोवती वीसपंचवीस यजमान जमेपर्यंत थांबलो. मग चौकीवरून उठलो, पायऱ्या उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "निळू, तुझा तो भाग्यतीळ आहे ना, तो कॅन्सर असू शकतो. डॉक्टरला दाखव."

निळू त्याच्या त्या सुंदर दातांनी हसला. "सुमंत, माझा रंग सोसलास, माझे यजमान सोसलेस. एक तीळ तेवढा सोसवेना तुला?"

लोक खो खो हसले. त्यांच्या मागून एक नाववाला म्हणाला, "जाए दऽ गुरू, भाई-भाई का मामला हौ." मी पायऱ्या चढून परत आलो तेव्हा माझे कान तापले होते.

तिन्हीसांजेला आमच्या खिडकीत उभा होतो. समोरच्या घरात आनंदीवहिनीनं निळूला पाटावर बसवलं होतं. तिच्या मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. ती मूठ त्याच्यावरून उतरवत ती म्हणत होती, "आल्यागेल्याची, घरातल्याची, दारातल्याची..." आणि मग खिडकीकडे न बघता, आवाज चढवून, "समोरच्या दारातल्याची!"

मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. मी श्वास रोखून उभा. मिरच्या जळून ठसका लागला तर दृष्ट नव्हती. ठसका लागला नाही तर दृष्ट जबरदस्त होती. लहानपणापासून हेच ऐकत आलोय. गल्ली ती केवढी, निखाऱ्यावरच्या वासाला आमच्या घरात यायला पाऊलभरही अंतर नाही. पण कोणीच खोकलं नाही. मीही नाही. समोरून वहिनीचा आवाज आला, "बघितलंत? ठसका सुद्धा नाही! केवढी ती मेली नजर!"

मी खिडकी लावून घेतली. माझी बायको मुक्ता भाजी निवडत होती. म्हणाली, "लागली असेल हो खरंच."

"काय?"

"तुमची दृष्ट."

"अगं, डॉक्टरनं सांगितलंय! आजार आहे तो!"

"मग घरात जाऊन सांगायचं होतं. घाटावर सांगितलंत म्हणजे तुम्हाला सांगायचं नव्हतं, टोचायचं होतं." तिनं देठं एका बाजूला सारली. "आता तो मरेपर्यंत डॉक्टरकडे जायचा नाही. गेला तर तुम्ही खरे ठराल ना!"

मुक्ताला मी याच कारणासाठी काही विचारत नाही.

मग मी ठरवलं, जाऊ दे. आपण सांगितलं, आपलं काम झालं. हिमानीनं दोनदा विचारलं, मी म्हटलं तो येत नाही. ती स्वतः समोर गेली, तर वहिनीनं तिला दारातूनच गोड बोलून परत पाठवलं. आमच्याकडची भाडेकरू, म्हणजे माझीच माणूस. माझ्या जिभेनं तिचंही तोंड बंद करून ठेवलं होतं.

ज्येष्ठ लागला. घाटाचे दगड तव्यासारखे तापायला लागले आणि एका सकाळी, सोलापूरकडच्या एका बाईंसाठी अर्घ्य सोडताना, निळूच्या नाकावरून रक्ताचा थेंब तांब्याच्या पळीत पडला. त्या बाईंनी हात मागे घेतला. दोनच बोटं मागे, पण मी वरून बघितलं. दुसऱ्या दिवशी निळू तीळ पट्टीखाली झाकून आला. पट्टीतून रक्त पाझरलं. तिसऱ्या दिवशी यात्रा कंपनीचा माणूस इकडेतिकडे बघत पायऱ्या चढून माझ्या छतरीशी आला. "शास्त्रीजी, आजचे चाळीस लोक तुमच्याकडे बसवू का? त्या गुरुजींना जरा बरं नाही दिसत."

चाळीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. चाळीस! मी चौकी पुसली, आसनं मांडली, आवाज खणखणीत लावला. मंत्र कसे म्हणतात ते दशाश्वमेधाला त्या दिवशी कळलं असेल. एक आजोबा म्हणाले, "केवढे स्पष्ट उच्चार!" मला सुख झालं, नाही कशाला म्हणू? हे असंच चालू दे, असंही वाटलं. त्याचा तीळ असाच राहू दे, असं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण वाटलं खरं.

एक कुटुंब संकल्पाला बसलं. यजमान हातात पाणी घेऊन समोर. संकल्पात देश सांगायचा, काळ सांगायचा, मग गोत्र आणि यजमानाचं नाव सांगून त्याच्यासाठी आयुष्य आणि आरोग्य मागायचं. झोपेतही बिनचूक येतं मला ते. म्हणता म्हणता सवयीनं माझी नजर खाली गेली, नेहमीच्या जागी.

निळू खालच्या पायरीवर एकटा उभा होता. त्याच्याभोवती कोणी नव्हतं. डोकं उघडं, अंग उघडं, ओला पंचा नाकाशी दाबलेला. आणि तरीही सूर्याकडे तोंड करून. कोणी बघत नसताना तो असा उभा राहत असेल, हे मला माहीत नव्हतं. आजवर मला वाटायचं, हे सगळं यजमानांसाठी आहे.

"अहो गुरुजी," समोरचा यजमान हळूच म्हणाला, "माझं नाव विष्णु."

"हो, मग?"

"तुम्ही नीलकंठ म्हणालात. दोनदा."

त्याची बायको, मुलं, आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघत होते. दुसऱ्याच्या ऱ्हस्वदीर्घावर लाल गोल काढणारा मी, भर घाटावर नाव चुकलो होतो. ज्याच्यासाठी आरोग्य मागायचं ते नावच.

मी विष्णुरावांचा संकल्प पुन्हा पहिल्यापासून सांगितला. उरलेल्यांचंही भराभर नाही, नीट केलं. मग छतरीतून उठून तडक घरी आलो, ट्रंक उघडली आणि दिनदर्शिकांचं भेंडोळं काखेत मारून समोरची पायरी चढलो. वीस वर्षांत सणावाराशिवाय मी ती चढलो नव्हतो.

दार वहिनीनं उघडलं. माझ्या तोंडाकडे बघून तिचा हात पदराकडे गेला. निळूही तेवढ्यात घाटावरून आला होता, आत खाटेवर बसला होता. मी पाच दिनदर्शिका त्याच्यासमोर फरशीवर मांडल्या, वर्षांच्या क्रमानं.

"हे काय?" निळू म्हणाला.

"बघ. तिळाकडे बघ फक्त. पहिल्या वर्षी तीळ. तिसऱ्या वर्षी उडीद. ही गेल्या वर्षीची, तुरीची डाळ. यंदाची बघ, कड कशी फुगलीय. मधे खड्डा पडलाय. दोन महिने खपलीखालची जखम भरत नाहीये. चष्म्यानं घासलं तर आठ दिवसांत भरतं, निळू. तिळाला रक्त येत नाही."

तो वाकला. बोट पहिल्या फोटोवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मग बोट श्लोकावर थांबलं.

"हे लाल काय आहे?"

"तुझ्या चुका."

"पाचही वर्षांच्या?"

"पाचही."

"म्हणजे तू माझ्या चुका काढायला हे सगळं जपून ठेवलंस."

"हो," मी म्हणालो. "मी तुझ्यावर जळतो, निळू. पाठशाळेपासून जळतो. घाटावर मी तुला टोचायलाच बोललो. आजपासून तुझे यजमान माझ्याकडे बसतायत तर मला आनंद होतोय. हे सगळं खरं आहे. पण तुझा तीळ वाढलाय हेही खरं आहे, आणि ते मीच सांगू शकतो, कारण बाकी कुणी तुझ्याकडे इतकं बघितलंच नाही. मला शिव्या घाल, पण उद्या इस्पितळात चल. डोळा जाईल रे."

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फुटला. मंत्राला कधी फुटला नव्हता.

वहिनी खाली बसली होती. तिनं आपला चष्मा पदरानं पुसला, पहिली दिनदर्शिका उचलून डोळ्यांजवळ नेली, मग शेवटची. "मला तर रोज सारखाच दिसायचा हो," ती म्हणाली. "रोज बघते ना मी. रोज बघणाऱ्याला कुठे कळतंय?" मग निळूकडे वळून, "उद्या सुबह आठ वाजता. मी पण येते. आणि काही बोलायचं नाही."

निळू बोलला. "सूर्याय ऱ्हस्व छापलंय होय रे? आणि तू मला पाच वर्षं सांगितलं नाहीस?"

"चारचौघांत सांगणार होतो."

तो हसला, पंचा नाकाशी दाबूनच.

तुकडा तपासला. हिमानी म्हणाली होती तेच निघालं. पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया झाली. तीळ मुळासकट, भोवतालच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढला आणि कपाळाची कातडी वळवून तिथे लावली. कडा स्वच्छ आल्या, काही उरलं नाही. डोळा वाचला. हिमानी म्हणाली आणखी सहा महिने थांबला असता, तर डोळ्याचं ती सांगू शकली नसती. निळूच्या कपाळावरून नाकापर्यंत आता एक वाकडा व्रण आहे. केतकीला चुणी पडली आहे, असं मी एकदा म्हटलं तर वहिनी हसली.

हिमानी घाटावर स्वतः आली. खालच्या पायरीवर दोन मिनिटं उभी राहिली आणि पाण्याची तिरीप डोळ्यांवर घेत म्हणाली, "इथं तर ऊन दोन्हीकडून भाजतंय, वरून आणि खालून. काका, दहा ते चार इथं उभं राहायचं नाही. ढग असले तरी नाही."

निळू म्हणाला, "मग अर्घ्य?"

चाळीस वर्षं जिची वाट पाहिली ती संधी मला मिळाली. "अर्घ्य उगवत्या सूर्याला दे की, उभा राहून! त्यानंतर दुपारपर्यंत भाजून घ्यायला कुठल्या शास्त्रात सांगितलंय? मला ओळ दाखव." निळूनं दहाचं कबूल केलं.

टोपीचं जमेना. रुंद काठाची टोपी घालून संकल्प सांगायला तो तयार नव्हता आणि खरं सांगायचं तर मीही तयार नसतो. शेवटी जाड सुती उपरणं डोक्यावरून घेऊन कान आणि मान झाकायची आणि दुसरं खांद्यांवर, असं ठरलं. मलमाचा प्रश्न सोवळ्याचा होता. हिमानीनं उन्हाचं मलम दिलं होतं, दर दोन तासांनी आणि बुडी मारल्यावर परत लावायचं. वहिनीला शंका, हे पूजेत चालतं का? निर्णय माझ्याकडे आला. मी म्हटलं, चंदनाचा लेप चालतो, मग हाही लेपच. लावा. हिमानी मलाही लाव म्हणाली. "काका, तुमचा सावळा रंग म्हणजे तुमची अंगची छत्री. तरी तिच्यावर विसंबू नका." साठ वर्षांत माझ्या रंगाबद्दल कोणी चांगलं बोललं ते हे पहिलं. निळूला मी ते आठवड्यातून दोनदा ऐकवतो.

दहा वाजले की तो आता वर येऊन बसतो. कुठे? माझ्या छतरीत! माझ्या चौकीवर! मी सरकून जागा करतो. आणि नावेतून उतरणारे यात्रेकरू आमच्याकडे बघतात, निळूच्या तोंडावर ते मलम पांढरं चकचकत असतं, आणि बायका हात जोडून म्हणतात, "काय तेज आहे हो गुरुजींच्या तोंडावर!" मी आता शेजारी बसून ते ऐकतो. पूर्वी निदान लांबून ऐकू यायचं.

हिमानीनं आणखी एक सांगितलं होतं. एकदा झालेल्याला दुसरीकडे होऊ शकतं. दर महिन्याला कोणीतरी त्याचं सगळं तोंड, कानांमागं, मान, पाठ उजेडात नीट बघायचं. नवा डाग, वाढलेला तीळ, महिनाभर न भरणारी जखम, काहीही दिसलं की तिला दाखवायचं. वहिनीला मोतीबिंदू आहे, तिला बारीक दिसत नाही. मग बघणार कोण? निळू म्हणाला, "विचारायचं काय त्यात? जन्मभर कोण बघत आलाय?"

म्हणून दर पौर्णिमेला सकाळी वहिनी समोरच्या दारात येते आणि गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारते, "भावजी, येताय ना दृष्ट लावायला?"

मी चष्मा पुसून जातो. तो खिडकीशी उजेडात बसलेला असतो, उघड्या अंगानं, डोळे मिटून. मी कपाळापासून सुरुवात करतो. व्रणाच्या कडा, डोळ्यांचे कोपरे, ओठ, हनुवटी. सावकाश. एकही जागा सोडत नाही.

"काही दिसलं?" तो विचारतो.

"मेल्या, गोरा आहेस अजून," मी म्हणतो आणि कानामागं बघायला त्याची मान वळवतो.